दहा डॉलरची पैज

वकिली करणाऱ्या बाईला जिंकलेल्या खटल्यांपेक्षा हरलेले खटले जास्त लक्षात राहतात. जिंकलेल्या खटल्याचे पेढे त्याच संध्याकाळी संपतात. हरलेल्याची फाईल मात्र कपाटात तशीच असते आणि दर दिवाळीला आवराआवर करताना हातात येते.

माझ्या कपाटात अशी एक फाईल १९९७ सालची आहे. तेव्हा मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करत होते आणि आठवड्यातल्या तीन सकाळी जिल्ह्याच्या गावी, विधी महाविद्यालयात राज्यघटना शिकवत होते. एक बाई आली. वडील नुकतेच वारलेले, दोन भाऊ आणि एक धाकटी बहीण. महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींनाही मुलांसारखा जन्मानं हक्क दिला होता. केवढं कौतुक झालं होतं त्याचं! पण त्यात एक मेख होती. २२ जून १९९४च्या आधी जिचं लग्न झालं, तिला हा हक्क नाही. माझ्या पक्षकाराचं लग्न १९८६चं आणि धाकटीचं १९९५चं. एकाच आईच्या दोन लेकी; एक भावांच्या बरोबरीची आणि दुसरीला वडिलांच्या हिश्श्यातला तेवढा तुकडा.

मी चार पानी युक्तिवाद लिहिला. कलम १४, कलम १५, लग्नाच्या तारखेवरून लेकींमध्ये भेद करता येतो का, वगैरे. निकाल विरुद्ध गेला. न्यायालयाचाही इलाज नव्हता. कायद्यात स्वच्छ लिहिलेलं होतं आणि कायदाच घटनाबाह्य ठरवणं हे त्या पायरीवरच्या न्यायालयाचं काम नव्हे. वर जायला बाईकडे पैसे नव्हते आणि माहेर तुटेल ही धास्ती होतीच. तिनं विषय सोडला. मला मात्र आपली चार पानं रद्दीत गेल्यासारखं वाटत राहिलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वर्गात समानतेचा हक्क शिकवण्यासाठी मी अमेरिकेतला १९७१चा रीड विरुद्ध रीड हा खटला वाचायला घेतला. सॅली रीड या बाईनं मुलाच्या मृत्यूनंतर त्याच्या छोट्याशा मालमत्तेची व्यवस्था आपल्याकडे मागितली. तिच्यापासून विभक्त झालेल्या नवऱ्यानंही मागितली. आयडाहो राज्याचा कायदा म्हणत होता, दोघांचा हक्क सारखा असेल तर पुरुषाला पसंती द्यावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा एकमतानं फेटाळला. बाई म्हणून केलेला भेद समानतेच्या कलमाखाली त्या न्यायालयानं रद्द करण्याची ही पहिलीच वेळ. सॅलीच्या बाजूचं लेखी म्हणणं तयार करण्यात मोठा वाटा होता रूथ बेडर गिन्सबर्ग यांचा, ज्या पुढे त्याच न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या. पण त्या लेखी म्हणण्याच्या पहिल्या पानावर गिन्सबर्ग यांनी आणखी दोन बायकांची नावं वकील म्हणून घातली होती. डोरोथी केनियन आणि पॉली मरे. या दोघींनी त्यातला एक शब्दही लिहिला नव्हता. मग नावं का? तर ज्या युक्तिवादावर हा खटला उभा होता तो या दोघींनी आधी मांडला होता. ते ऋण कागदावर राहावं म्हणून.

ही पॉली मरे कोण, म्हणून मी शोधायला लागले आणि मैत्रिणींनो, मग कितीतरी दिवस मला दुसरं काही सुचेना.

पॉलीचा जन्म १९१०चा, बाल्टिमोरचा. तीन वर्षांची असताना आई गेली. वडील शिक्षक होते, पण आजारपणानंतर त्यांचं मन ताळ्यावर राहिलं नाही. त्यांना मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९२३ साली तिथल्याच एका गोऱ्या रखवालदारानं त्यांचा जीव घेतला. पॉली वाढली ती नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम गावात, शिक्षिका असलेल्या पॉलीन मावशीकडे, आजी-आजोबांच्या घरात. आजोबा गुलामगिरी संपवणाऱ्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेले. आजी मात्र जन्मानं गुलाम होती, मालकाच्याच गोऱ्या मुलापासून झालेली. घरात दोन्ही रंगांचं रक्त आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की शाळा वेगळी, डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा.

न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातून ती १९३३ साली पदवीधर झाली आणि १९३८ साली तिनं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला. उत्तर आलं की तुमच्या वंशाच्या लोकांना इथे प्रवेश नाही. आजीच्या मालकांचं जे घराणं होतं, त्यातला एक जण याच विद्यापीठाचा विश्वस्त होता आणि त्याच घरातल्या एका बाईनं आपली जमीन विद्यापीठाला दान दिली होती. म्हणजे ज्या घराच्या दानावर विद्यापीठ पोसलं गेलं त्याच घरच्या रक्ताच्या मुलीला तिथे दार बंद.

गप्प बसणं पॉलीला जमत नव्हतं. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या विद्यापीठात जाऊन त्याच्या उदारमतवादाचं कौतुक केलं होतं. पॉलीनं त्यांना खरमरीत पत्र लिहिलं आणि एक प्रत त्यांच्या पत्नीला, एलिनॉर यांना धाडली. एलिनॉर यांचं उत्तर आलं. घाई नको असा काहीसा त्याचा सूर होता. त्यातून सुरू झालेली मैत्री एलिनॉर यांच्या मृत्यूपर्यंत, १९६२पर्यंत टिकली. भांडत भांडत टिकली, हे विशेष.

१९४०च्या ईस्टरला ती मैत्रिणीबरोबर बसनं मावशीकडे निघाली होती. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गला दोघींनी बसमध्ये मागच्या मोडक्या बाकावर जायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्या काळात पॉली गांधीजींच्या सत्याग्रहाविषयी वाचत होती. पोलिसांशी सभ्यपणे बोलायचं, पण जागचं हलायचं नाही, हे त्या दोघींनी तिथे करून पाहिलं. सरकारी वकील मात्र हुशार. त्यानं वर्णभेदाच्या कायद्याखालचा आरोप काढून घेतला आणि नुसता शांतताभंगाचा ठेवला, म्हणजे मूळ कायद्याला आव्हान द्यायला वावच राहू नये. दोघी हरल्या. दंड भरण्याऐवजी त्या तुरुंगात गेल्या.

पाठोपाठ ओडेल वॉलरचं प्रकरण आलं. हा वाट्यानं शेती करणारा कृष्णवर्णीय कूळ. पिकाच्या वाट्यावरून गोऱ्या जमीनमालकाशी भांडण होऊन त्यानं गोळी झाडली होती. त्याच्यासमोरची ज्युरी पूर्ण गोऱ्यांची आणि तीही मतदानाचा कर भरू शकणाऱ्यांतून निवडलेली. पॉली त्याच्यासाठी गावोगाव पैसे गोळा करत फिरली. २ जुलै १९४२ला त्याला देहदंड दिला गेला. त्या धडपडीतच तिला हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकायची संधी मिळाली. हे वॉशिंग्टनमधलं कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. हार्वर्डशी गल्लत नको, ते पुढे येतंच आहे.

इथे तरी सगळे आपलेच असतील असं तिला वाटलं असणार. पहिल्याच दिवशी एका प्राध्यापकानं, बायका कायदा शिकायला का येतात कळत नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि वर्ग हसला. वर्गात ती एकटीच मुलगी. वर्णभेदाच्या कायद्यांना अमेरिकेत जिम क्रो म्हणत. पॉलीनं बायकांच्या वाट्याला येणाऱ्या भेदाला नाव दिलं जेन क्रो. हसणाऱ्या वर्गाला तिनं उत्तर दिलं ते पहिला नंबर काढून.

शिकता शिकताच ती आणि हॉवर्डच्या मुली वॉशिंग्टनमधल्या गोऱ्यांच्या खानावळीत जाऊन बसत. वाढलं नाही तर रिकाम्या ताटल्या घेऊन पुस्तक वाचत बसायचं. १९४३ साली एका खानावळीनं काही दिवसांत माघार घेतली. १९४४मध्ये थॉम्प्सन खानावळीनंही एका संध्याकाळी त्यांना वाढलं, पण विद्यापीठानं घाबरून मुलींना थांबवलं. संपलं, असंच वाटलं असेल. शहराचे १८७२-७३चे दोन जुने कायदे मात्र पुस्तकात तसेच पडून होते. सर्वांना सारखं वाढलं पाहिजे असं सांगणारे. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते अजून जिवंत असल्याचं ठरवलं आणि तो खटला नेमका याच थॉम्प्सनविरुद्धचा होता.

आता ती पैज. रेल्वेच्या डब्यावरून झालेल्या १८९६च्या प्लेसी खटल्यापासून अमेरिकेत वेगळे पण समान असं तत्त्व चालत होतं. कृष्णवर्णीयांचे वकील काय करत, तर दोन शाळांची तुलना मांडून समान म्हणता ती शाळा समान नाही हे दाखवत. वर्गात चर्चा निघाली तेव्हा पॉली म्हणाली, तुलना कशाला? वेगळं ठेवणं हाच अपमान आहे, प्लेसीवरच थेट हल्ला करायला हवा. पुन्हा हशा पिकला. तिनं स्पॉट्सवुड रॉबिन्सन या प्राध्यापकांशी दहा डॉलरची पैज लावली की पंचवीस वर्षांच्या आत प्लेसी उलटेल. मग आपलं म्हणणं तिनं शेवटच्या वर्षाच्या निबंधात लिहून काढलं. गुलामगिरी बंद करणारी तेरावी आणि समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती, वेगळं ठेवल्यानं माणसाच्या मनावर होणारा घाव, सगळं त्यात होतं. निबंध सरांकडे दिला आणि ती विसरून गेली.

दहा वर्षांनी, १७ मे १९५४ला ब्राऊन खटल्यात प्लेसीचं तत्त्व शाळांपुरतं मोडीत निघालं. पैज जिंकायला पंचवीस वर्षंही लागली नाहीत. पण गंमत पुढेच आहे. त्या खटल्याच्या तयारीच्या वेळी रॉबिन्सन यांनी तिचा जुना निबंध शोधून काढून सहकाऱ्यांपुढे ठेवला होता आणि हे पॉलीला कुणी सांगितलंच नाही! कित्येक वर्षांनी तिला ते कळलं.

पहिला नंबर काढणाऱ्याला हार्वर्डला पुढे शिकायला जाता येई. पॉलीला शिष्यवृत्ती मिळाली, पण हार्वर्डनं १९४४ साली कळवलं की बायकांना इथे प्रवेश नाही. राष्ट्राध्यक्षांच्या पत्राचाही उपयोग झाला नाही. सहा वर्षांपूर्वी रंग आडवा आला, आता बाईपण आलं. दोन्ही नकार एकाच माणसानं पचवले, म्हणून तिला दोन्हींमधलं साम्य दिसलं. मला वाटतं तिच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथे आहे. वंशावरून भेद चालत नसेल तर त्याच कलमाखाली बाई म्हणून केलेला भेद का चालावा?

नोकरी मात्र मिळत नव्हती. १९५२ साली एका जागेसाठी तिच्याबद्दल चांगला शब्द सांगणारे होते एलिनॉर रूझवेल्ट आणि थरगुड मार्शल, तरी ही माणसं फार जहाल म्हणून ती जागा गेली. त्याआधी मेथॉडिस्ट चर्चच्या बायकांनी तिच्याकडे एक काम दिलं होतं. वेगळं बसणं कुठे कायद्यानं सक्तीचं आहे आणि कुठे ती नुसती रूढी आहे, हे त्यांना हवं होतं. पॉलीनं एकेका राज्याचे कायदे उपसले आणि १९५१ साली सातशेवर पानांचा ग्रंथ दिला. मार्शल आणि त्यांचे सहकारी वकील तो हाताशी ठेवूनच काम करत. रूढी कुठे संपते आणि कायदा कुठे सुरू होतो, हे आपल्या गावकीतही कुणीतरी एकदा असं लिहून काढायला हवं, असं मला फार वाटतं.

१९६०मध्ये ती घानाला गेली. देश नुकताच स्वतंत्र झालेला, त्याच वर्षी प्रजासत्ताक झाला. तिथल्या कायदा विद्यालयात तिनं राज्यघटना शिकवली आणि घानाच्या घटनेवर सहलेखकाबरोबर पुस्तकही लिहिलं. पण विरोधकांना तुरुंगात टाकणारं सरकार आणि राज्यघटनेचा तास यांचं जुळेना. १९६१ साली ती परतली. १९६५ साली येल विद्यापीठातून तिनं कायद्यातली डॉक्टरेट मिळवली. तिथली ती पहिली कृष्णवर्णीय डॉक्टर.

त्याच सुमाराला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नेमलेल्या महिलाविषयक आयोगासाठी तिनं टिपण लिहिलं, चौदावी घटनादुरुस्ती बायकांसाठी वापरा म्हणून. १९६४ साली नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा येत होता. त्यात लिंग हा एक शब्द घातला गेला होता आणि तो गळून पडणार अशी चिन्हं होती. पॉलीनं टिपण लिहून सिनेटपर्यंत पोहोचवलं. तिचा मुद्दा साधा होता. कृष्णवर्णीय बाईला नोकरी नाकारली तर रंगामुळे की बाई म्हणून, हे तिनं कसं सांगावं? तो शब्द गेला तर निम्मे कृष्णवर्णीय उघड्यावर पडतील. शब्द राहिला. आणि आपल्या माणसांनाही तिनं सोडलं नाही. १९६३च्या वॉशिंग्टनच्या प्रचंड मोर्चात प्रमुख वक्त्यांत एकही बाई नाही, हे तिनं पुढाऱ्यांना स्पष्ट सुनावलं होतं.

१९६५ साली मेरी ईस्टवुडबरोबर तिनं जेन क्रोवर लेख लिहिला. वंशभेदाचा आणि लिंगभेदाचा घटनात्मक युक्तिवाद एकच आहे, असं त्यात मांडलं. १९६६ साली केनियनबरोबर तिनं अलाबामातला खटला लढवला आणि बायकांना ज्युरीतून वगळणारा कायदा संघ न्यायालयानं रद्द केला. त्याच वर्षी नाऊ या महिला संघटनेच्या संस्थापकांत ती होती. १९६८ ते १९७३ तिनं ब्रँडाइस विद्यापीठात शिकवलं. आणि १९७१ला आला तो रीड खटला, जिथून मी तिच्यापर्यंत पोहोचले.

एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण आतून पुरुष आहोत, असं तरुणपणापासून पॉलीला वाटत आलं. तिनं डॉक्टरांकडे उपचार मागितले, कुणी दिले नाहीत. हे तिनं आयुष्यभर खासगी कागदांत ठेवलं. म्हणून आज काही अभ्यासक तिच्याविषयी लिहिताना वेगळी सर्वनामं वापरतात. तिनं स्वतःच्या आत्मचरित्रात स्वतःला बाई म्हणूनच मांडलं, म्हणून मी ती म्हणते आहे. पण १९६४ला टिकवलेल्या त्या एका शब्दावर बोट ठेवून २०२० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी आणि पारलिंगी कर्मचाऱ्यांना नोकरीत संरक्षण दिलं. जे ती स्वतःसाठी उघडपणे मागू शकली नाही ते तिनं वाचवलेल्या शब्दानं दुसऱ्यांना मिळवून दिलं.

१९७३ साली जिवलग मैत्रीण रेने बार्लो गेली आणि पॉलीनं प्राध्यापकी सोडून धर्मशास्त्राचा अभ्यास धरला. १९७७ साली ती एपिस्कोपल चर्चची धर्मगुरू झाली. त्या चर्चमधली ती पहिली कृष्णवर्णीय महिला धर्मगुरू. पहिली उपासना तिनं चालवली ती चॅपल हिलच्या चर्चमध्ये, जिथे तिच्या आजीचा गुलाम म्हणून बाप्तिस्मा झाला होता. १ जुलै १९८५ला पिट्सबर्गला ती गेली. २०२४ साली अमेरिकेच्या पंचवीस सेंटच्या नाण्यावर तिचा चेहरा आला.

ही सगळी गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, मॅडम, पण तिला स्वतःला काय मिळालं? प्रश्न बरोबर होता. नॉर्थ कॅरोलिनात तिला शिकता आलं नाही, हार्वर्डलाही नाही. बसचा खटला ती हरली, वॉलरला वाचवू शकली नाही. मी तिला इतकंच म्हणाले की निकाल आपल्या हातात नसतो, म्हणणं नीट लिहून ठेवणं असतं. पॉलीनं निबंध लिहिलाच नसता आणि नुसतीच वर्गात भांडली असती तर रॉबिन्सन सरांनी काय शोधून काढलं असतं? मुलीचं समाधान झालं की नाही, कोण जाणे.

माझ्या १९९७च्या पक्षकाराचं सांगायचं राहिलं. २००५ साली केंद्राचा कायदा आला आणि लग्नाच्या तारखेची ती मेख गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं मुलीचा हा हक्क जन्माचाच आहे हे पक्कं केलं. पण जुनी, पूर्ण झालेली वाटणी त्यानं उघडत नाही. तिची वाटणी केव्हाच झाली होती. तिला काही मिळालं नाही. त्यात माझ्या चार पानांचा काही हात होता असंही नाही. ती कुणी वाचलीच नव्हती.

२०२१च्या पावसाळ्यात ती माझ्या कार्यालयात आली. केस पांढरे झाले होते. बरोबर तिची चुलतबहीण होती. तिचंही लग्न १९९४च्या आधीचं, पण त्यांच्या घरची वाटणी अजून व्हायची होती. माझं तर राहिलं वकीलबाई, हिचं तेवढं बघा, अशा अर्थाचं काहीतरी ती बोलली आणि पिशवीतून सातबाराचे उतारे काढून तिनं टेबलावर ठेवले. मी कपाटातली जुनी फाईल काढली. ती चार पानं पुन्हा वाचली. मग बाजूला ठेवली आणि नवा दावा लिहायला घेतला. लग्नाची तारीख कुठेही घालावी लागली नाही.